सगळ्या मांजरांची नसबंदी झाली, तरी पिल्लं येतातच: गळती नेमकी कुठे आहे?

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. "चौदाच्या चौदा मांजरांची नसबंदी केली, सहा महिने झाले, आणि आज सकाळी पाण्याच्या टाकीमागे पुन्हा तीन पिल्लं. डॉक्टरांनी ऑपरेशन नीट केलेलं नाही." असा निरोप आला की मी डॉक्टरांबद्दल काहीच विचारत नाही. पिल्लांचे दात बघितले का, एवढंच विचारते.

ऑपरेशन चुकलेलं असू शकतं, पण माझ्या यादीत ते कारण सगळ्यात खाली आहे. बहुतेक वेळा चूक मोजणीत असते. चौदा केल्या म्हणजे चौदा सापडल्या, एवढंच खरं. तिथे मांजरं किती होती हे वेगळं. आणि एक मांजरी सुटली तरी पुरते. साधारण ६५ दिवसांची गाभणकी, एका वेताला तीन-चार-पाच पिल्लं, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहण्याची क्षमता. त्या पिल्लांतल्या माद्या चौथ्या-पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकतात. वर्षभराने तुम्ही पुन्हा होतात तिथेच.

आधी पिल्लांचं वय, मग आरोप

पिल्लं दिसली की लगेच उचलू नका, आधी वय काढा. नुकतं जन्मलेलं पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि नाळेचा वाळलेला तुकडा चार-पाच दिवसांत गळतो. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात आणि पुढचे बारीक दात हिरडीतून बोटाला टोचू लागतात, त्यानंतर सुळे, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत दाढा. डोळ्यांचा निळा रंग सहा-सात आठवड्यांपर्यंत टिकतो, मग त्यात पिवळी किंवा हिरवी झाक येते. वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅमने वाढायला हवं, पण उघड्यावरची पिल्लं जंतांनी आणि उपासमारीने हडकुळी असतात. म्हणून वजनापेक्षा दातांवर भरवसा ठेवा.

आता वहीत तीन तारखा लिहा: पिल्लांच्या जन्माची, त्याच्या ६५ दिवस आधीची म्हणजे गर्भ राहिल्याची, आणि तुमच्या ऑपरेशनांची. निम्मी प्रकरणं इथेच सुटतात.

समजा पिल्लं दहा आठवड्यांची आहेत आणि ऑपरेशनं पाच आठवड्यांपूर्वी झाली. मग काहीच बिघडलेलं नाही. त्यांची आई तेव्हा पाजती होती, तिची नसबंदी झाली, पिल्लं कुठेतरी आडोशाला होती आणि आत्ता हिंडायला लागली म्हणून दिसली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. सातवं घर तुमच्या नजरेसमोर आलं, एवढंच.

पण पिल्लं पाच आठवड्यांची आणि ऑपरेशनं सहा महिन्यांपूर्वीची असतील, तर गर्भ राहिला १०० दिवसांपूर्वी, म्हणजे तुमचं काम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी. इथे एक न झालेली मांजरी नक्की आहे. एक न झालेला बोकाही आहे, पण त्याच्यामागे धावू नका. बोका लांबून येतो आणि जातो. तुम्ही नऊ बोके केलेत आणि दहावा राहिला, तरी तो एकटा सगळं काम उरकतो.

बोक्यांबाबत एक बारीक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते. नसबंदीनंतरही नळीत उरलेल्या शुक्रजंतूंमुळे बोक्यापासून काही आठवडे गर्भ राहू शकतो. चार ते सहा आठवडे धरून चाला. तेव्हा गर्भ राहिल्याची तारीख बोक्याच्या ऑपरेशननंतर महिनाभरातली निघाली, तर "ऑपरेशन फसलं" म्हणायची घाई नको.

कान खोटं बोलतात

"पण सगळ्यांचे कान कापलेले आहेत!" हे पुढचं वाक्य. कान जवळून बघा. नसबंदीची खूण म्हणजे एका कानाचं टोक, मोठ्या मांजरात सेंटीमीटरभर, सरळ रेषेत कापलेलं. वरून बघितलं तर कान सपाट माथ्याचा दिसतो. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, चीर असते, कडेला दाते असतात. संध्याकाळच्या उजेडात, दहा फुटांवरून, खायला घालायच्या गडबडीत दोन्ही सारखेच दिसतात. बऱ्याच ठिकाणी डावा कान कापतात, काही ठिकाणी उजवा. तुमच्या भागात कोणता, ते आधी विचारून घ्या, नाहीतर शेजारच्या गटातलं काम तुमच्या हिशेबात शिरतं.

कापलेल्या कानाची मांजरी पिल्लांना पाजताना दिसली, हाही पुरावा नाही. पाजत्या मांजरीची नसबंदी झाली तरी दूध लगेच आटत नाही. शिवाय मांजरी एकमेकींची पिल्लं सांभाळतात. तिच्या पोटाशी पिल्लू आहे म्हणजे ते तिच्या पोटचं आहे, असं नाही.

म्हणून प्रत्येक मांजराचे चार फोटो काढा: दोन्ही बाजू, तोंड, आणि शेपूट वर असताना मागून. चौथ्या फोटोवर लोक हसतात. का काढायचा ते पुढे कळेल.

पिल्लांचे रंग आईचा पत्ता सांगतात

मांजराचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावरून येतो. नर पिल्लाला एक्स मिळतं फक्त आईकडून, बापाकडून वाय. त्यामुळे पिल्लांत नारिंगी बोका असेल तर त्याची आई नारिंगी, तिरंगी किंवा काळ्या-नारिंगी मिश्र रंगाची असलीच पाहिजे. काळ्या किंवा करड्या पट्ट्यांच्या मांजरीला नारिंगी मुलगा होत नाही, बाप कितीही नारिंगी असो. उलट बाजूने, काळा नर असेल तर आई पूर्ण नारिंगी असू शकत नाही. नारिंगी मादी असेल तर आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून नारिंगी आलेलं असतं. फक्त अंगभर पांढऱ्या मांजरीला हा हिशेब लावू नका. पांढऱ्याखाली कोणताही रंग दडलेला असतो.

आणखी एक धोक्याची सूचना: एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हणून रंगावरून बाप शोधत बसू नका, आई शोधा.

आमच्या गटात अकरा मांजरं होती. सात माद्या केल्या, तीन बोके केले, आणि एक दांडगा नारिंगी बोका "नंतर बघू" म्हणून राहिला. माद्या आधी, हे धोरण बरोबरच आहे. त्याचं नाव आम्ही सरदार ठेवलं होतं, कारण तो कोणाला जवळ येऊ देत नसे आणि ताटलीवर पहिला हक्क त्याचा. पाच महिन्यांनी लाकडाच्या ढिगाऱ्यात तीन पिल्लं निघाली, पाच आठवड्यांची. दोन नारिंगी नर आणि एक काळ्या-नारिंगी रंगाची मादी.

मीही पहिल्यांदा संशय घेतला तो ऑपरेशनवरच. गटात एक तिरंगी मांजरी होती, कान कापलेली, तीच आई असणार असं वाटलं. दवाखान्याचा कागद काढला: गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढल्याची नोंद, तारीख पिल्लांचा गर्भ राहण्याच्या दोन महिने आधीची. बाकीच्या माद्या काळ्या आणि पट्टेरी, म्हणजे रंगाने बाद. मग नारिंगी उरलं कोण?

नारिंगी म्हणजे बोका, हे आपण इतकं गृहीत धरतो की शेपटीखाली बघत नाही. नारिंगी मांजरांत साधारण पाचातली एक मादी असते. सरदार ती पाचवी होती. चौथा फोटो काढायची सवय मला तेव्हापासून लागली.

एकदा गटात नारिंगी मादी आहे हे कळल्यावर पिल्लांचा रंगही चपखल बसला: पूर्ण नारिंगी आईचे सगळे मुलगे नारिंगी, आणि काळ्या बापाकडून झालेल्या मुली मिश्र रंगाच्या.

आता ती शेवटची मांजरी पकडायची कशी

खरी कसोटी इथे आहे. जी मांजरी वर्षभर सुटली ती नशिबाने सुटलेली नसते. तिने बाकीच्यांना पिंजऱ्यात अडकताना पाहिलेलं असतं, किंवा एकदा दार तिच्या शेपटीवर पडून ती निसटलेली असते. दुधाने तोंड पोळलेली ती; ताकही फुंकूनच पिणार. तिच्यासाठी तोच पिंजरा, तीच जागा आणि तीच वेळ पुन्हा पुन्हा लावत बसणं म्हणजे तिला शिकवणी देणं.

पहिलं काम खाण्याच्या वेळा बांधायचं. दिवसभर ताटल्या भरलेल्या असतील तर कुठलंच मांजर भुकेपोटी धोका पत्करणार नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अर्ध्या तासाने ताटली उचलायची. सगळ्यात अवघड भाग मांजरांचा नसून माणसांचा आहे: त्याच भागात खायला घालणारी आणखी दोन-तीन माणसं असतात, आणि पकडायच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा म्हटलं की एकीला तरी दया येते आणि ती गुपचूप वाटीभर ठेवून जाते. त्यांना भेटून तारीख सांगा. मोठ्या मांजराला २४ तास उपास चालतो. पाजत्या मांजरीला आणि लहान पिल्लांना इतका ताणायचा नसतो.

दुसरं, पिंजरा आठ-दहा दिवस आधी नेऊन ठेवा, दार उघडं, वायरने घट्ट बांधलेलं, चुकूनही पडणार नाही असं. जाळीवर मांजरं पाय ठेवायला बिचकतात, म्हणून तळाला कागद किंवा पातळ गोणपाट. आधी ताटली पिंजऱ्याबाहेर, मग दारात, मग मधोमध, मग पार शेवटी. ती रोज आत जाऊन खाऊ लागली की मगच दाराची वायर सोडायची. पकडायच्या दिवशी उग्र वासाचा मासा ठेवा, पण चमचाभरच. भूल द्यायची आहे, पोट भरलेलं नको. पाय पडल्यावर दार पाडणारी पट्टी ओलांडून पुढे गेल्याशिवाय खाणं मिळू नये, अशी ताटली ठेवा. लांब पावलांच्या मांजरी पट्टीवरून अलगद उडी टाकतात; पट्टीखाली काडी ठेवून ती जरा उचललेली ठेवली की सुटत नाहीत.

एवढं करूनही शिरली नाही, तर पिंजराच बदला. वरून पडणारा पिंजरा, म्हणजे खालून उघडी मोठी जाळीची पेटी, एका कडेला काठीवर टेकवलेली, काठीला लांब दोरी. मांजराला बोगद्यात शिरावं लागत नाही, उघड्यावर खाल्ल्यासारखं वाटतं. तुम्ही दोरी धरून बसायचं आणि ती पेटीच्या मधोमध, मान खाली घालून खात असताना ओढायची. घाई केलीत आणि कड तिच्या पाठीवर पडली, तर पुढचे सहा महिने विसरा. सरदारला पकडायला मी तीन संध्याकाळी दोरी धरून बसले. पहिल्या दोन दिवशी ओढलीच नाही, कारण पेटीखाली तिच्या बाजूला दुसरं मांजर होतं आणि पळापळीत दोन्ही निसटली असती.

पेटी पडली की क्षणात जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते. पिंजरा लावून कधीही निघून जाऊ नका, तासाभरासाठीसुद्धा नाही. ऊन, पाऊस, कुत्रा, खोडकर मुलं, काहीही होऊ शकतं. आणि हाताने उचलायचा मोह आवरा. चावली किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवून तडक डॉक्टरांकडे, रेबीजच्या लसीसाठी. "छोटंसं तर आहे" हे वाक्य इथे जीवावर बेततं.

पिल्लं हाताशी असतील तर आईला पकडणं सोपं होतं. खाऊ-पिऊ लागलेली पिल्लं छोट्या पिंजऱ्यात ठेवून तो मोठ्या पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला जोडायचा आणि दोन्हीवर एकच चादर, अशी की पिल्लांपर्यंत पोचायचा रस्ता मोठ्या पिंजऱ्यातूनच दिसावा. पिल्लांची कुईकुई बाकीचं काम करते. उलट, आचळं मोठी आणि त्यांच्याभोवतीचे केस गेलेले दिसले, पण पिल्लं कुठे आहेत हे माहीत नसेल, तर ती मांजरी पकडण्याआधी थांबा. तीन-चार आठवड्यांच्या आतली पिल्लं आईवाचून फार काळ तग धरत नाहीत. पकडलीच गेली, तर डॉक्टरांना आधी सांगा: दुधाने भरलेल्या पोटावर मध्यावर न कापता कुशीतून ऑपरेशन करणं पुष्कळ डॉक्टर पसंत करतात, आणि ती पूर्ण शुद्धीवर आली की त्याच दिवशी जागेवर सोडता येते. इतर माद्यांना दिवस-दोन दिवस ठेवावं. सोडायचं जिथून उचललं तिथेच. "जरा लांब, चांगल्या ठिकाणी" सोडलेलं मांजर बहुतेकदा हरवतं, आणि रिकाम्या जागी नवं येतं.

गाभण निघाली तर काय, हा प्रश्न डॉक्टरांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. टेबलावर भूल दिल्यावर फोनवर ठरवायची ही गोष्ट नव्हे. माझं मत विचाराल तर मी ऑपरेशन करून घेते. यावर माझ्याशी भांडणारे लोक आहेत, आणि त्यांचंही मन मला कळतं.

आणि खरंच ऑपरेशनमध्येच राहून गेलं असेल तर?

अंडाशयाचा बारीक तुकडा आत राहू शकतो. मग नसबंदीनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी मांजरी पुन्हा माजाची लक्षणं दाखवते: रात्री घसा ताणून ओरडणं, जमिनीवर लोळणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग उचलणं, शेपूट बाजूला. पण गर्भाशय काढलेलं असेल तर तिला पिल्लं होणार नाहीत. म्हणजे ओरडणारी, लोळणारी, पण पिल्लं न देणारी कापल्या कानाची मांजरी दिसली तर हा संशय घ्या. पिल्लांच्या तक्रारीशी याचा सहसा संबंध नसतो. काही डॉक्टर फक्त अंडाशयं काढतात, म्हणून कागदावर नेमकं काय काढलं ते वाचा. निदान रक्तातल्या संप्रेरकांच्या तपासणीने होतं, आणि दुसरं ऑपरेशन लक्षणं दिसत असतानाच केलं तर तो तुकडा सापडायला सोपा जातो.

कुत्र्यांत शोधायची रीत तीच. खूण बहुतेकदा कानाच्या कडेला त्रिकोणी खाच असते, गाभणकी ६३ दिवसांच्या आसपास, आणि कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणून चूक लक्षात यायला मांजरांपेक्षा उशीर लागतो. सुटलेली कुत्री पकडायला मात्र एकट्याने जाऊ नका. जाळीचं काम शिकलेली माणसं लागतात.

गळतीचं एक दार आपणच उघडतो

हे सांगायला कुणाला आवडत नाही. मागच्या खेपेची पिल्लं आपण दत्तक दिली. "सहा महिन्यांची झाली की करून घेऊ", घेणाऱ्यांनी शब्द दिला. पाचव्या महिन्यात ती माजावर आली, ओरडायला लागली, घरच्यांना झोप येईना, दार उघडलं गेलं. दोन महिन्यांनी पोट घेऊन ती कुठे येते? जिथे खायला मिळतं तिथे, म्हणजे तुमच्या ताटलीपाशी. म्हणून नवी दिसणारी, माणसाला न बिचकणारी, कान अखंड असलेली मांजरी आली की आधी दवाखान्यात चिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची खूण, आहे का ते तपासून घ्या. ती कुणाची तरी असू शकते.

उपाय एकच: पिल्लू नसबंदी करूनच द्यायचं. दोन महिन्यांचं, किलोभर वजनाचं, तब्येतीने ठणठणीत पिल्लू ऑपरेशनला चालतं. लहान जीव लवकर गार पडतो आणि उपाशी राहिला की साखर उतरते, एवढी काळजी घेणारे, लहान पिल्लांचा हात असलेले डॉक्टर शोधा. यात माणसाळवण्याची मुदतही सांभाळायची असते. मांजराच्या पिल्लाची ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, फार तर नवव्यापर्यंत. कुत्र्याच्या पिल्लाची तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात. पाच आठवड्यांची पिल्लं हाती आली तर रोज हातात घ्या, मांडीवर खाऊ घाला, घरातले आवाज ऐकवा. चार महिन्यांचं फुसफुसणारं पिल्लू असेल तर त्याला कुणाच्या घरात कोंडण्यापेक्षा नसबंदी करून गटात परत सोडलेलं बरं.

सरदारची तिन्ही पिल्लं टाके पडल्यावरच घरी गेली. ती स्वतः परत आली तेव्हा दोन दिवस ताटलीकडे फिरकली नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिला हक्क तिचाच. नाव बदललेलं नाही. तेव्हापासून आठ महिने लाकडाच्या ढिगात काही हललेलं नाही, पण परवा वहीत एक ओळ वाढली: पांढऱ्या पायमोज्यांची, पट्टेरी, दोन्ही कान अखंड. चौथा फोटो अजून मिळालेला नाही.